चिकटवलेला बॉम्ब

आमच्या ह्यांना राग यायचा नाही. शेजारच्या बायका म्हणायच्या, काय नशीब काढलंत हो! म्हटलं, राहून बघा चार दिवस. एकदा मी ह्यांच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. चुकून नाही, मुद्दाम. अख्खा कप प्यायले, विसळला, पालथा घातला आणि आपल्या टेबलापाशी जाऊन बसले. मी ओट्याला टेकून बघत राहिले. निदान तोंड तरी वाकडं करतील असं मला वाटलं होतं.

लग्न झालं तेव्हा हा माणूस असा नव्हता. बुटाची लेस तुटली म्हणून बूट खिडकीबाहेर भिरकावणारा आणि मग एका पायात बूट घालून दुसरा शोधायला तीन जिने उतरणारा माणूस होता. मीही काही कमी नव्हते. आमचं जुंपलं की शेजारचे भिंतीवर ठोकायचे. मग ह्यांना हसू यायचं, त्यांना बघून मला यायचं, आणि भांडण कशावरून सुरू झालं होतं तेच दोघांना आठवायचं नाही. मुलगी लहान होती, ती मध्ये उभी राहून एकदा ह्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायची.

सव्वीस वर्षांपूर्वी एका मंगळवारी ते सगळं थांबलं.

हे विमानतळावर नोकरीला होते. प्रवाशांच्या नाही, लढाऊ विमानांच्या. काम एकच: विमानाच्या पंखाखाली बॉम्ब अडकवायचे. सगळं झालं की पुन्हा एकदा पहिल्यापासून तपासायचं. ह्यांची तपासायची खोड अशी की सोबतचे लोक ह्यांना 'दोनदा'च म्हणायचे. "दोनदा आला का रे?" "दोनदाला विचार." घरी फोन आला तरी पलीकडचा माणूस विचारायचा, दोनदा आहेत का? मी म्हणायचे, एकदाच आहेत, बोला.

त्यांच्या कामातली एक गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पंखाखाली लटकवलेला बॉम्ब जमिनीवर असताना चुकून सुटू नये म्हणून त्याच्या कडीत एक पिन घालतात. लोखंडी, बोटाएवढी, आणि तिला लाल फीत बांधलेली, लांबून दिसावी म्हणून. विमान निघायच्या आधी हा माणूस पंखाखालून वाकून जाणार, एकेक पिन उपसणार, आणि समोर येऊन सगळ्या फिती मुठीत धरून हात वर करणार. वर बसलेला वैमानिक त्या मोजतो आणि ठीक आहे म्हणून अंगठा दाखवतो. मग विमान सुटतं. एखादी पिन आत राहिली तर वैमानिकानं वरून कितीही बटणं दाबली तरी तो बॉम्ब खाली पडत नाही. बस, एवढंच.

ह्यांनी स्वतःच्या पिनांवर ठोक्यानं आकडे उमटवून घेतले होते. एक ते आठ. कुठली पिन कुठल्या बॉम्बाची ते कळावं म्हणून. बाकीचे हसायचे. हे म्हणायचे, हसा.

त्या मंगळवारी एक विमान सरावाला गेलं आणि परत आलं नाही. मोठा तलाव आहे विमानतळाच्या पलीकडे, त्यात पडलं. वैमानिक गेला. ह्यांच्याच हाताखालून निघालेलं विमान. हे त्या वैमानिक साहेबांना फार मानायचे, साहेब ह्यांना 'दोनदा भाऊ' म्हणायचे. चौकशी झाली, इंजिन बंद पडलं असं निघालं, कागद मिटले. ह्यांना कुणी बोल लावला नाही. मात्र त्या दिवशी संध्याकाळी घरी आलेला माणूस आणि सकाळी गेलेला माणूस एक नव्हता. मला वाटलं, धक्का आहे, ओसरेल. एक महिना गेला, एक वर्ष गेलं. मग मी वाट बघायचं सोडलं, हे खोटं आहे, सोडलं नाही, पण बघत असल्याचं दाखवणं सोडलं. मुलीला नोकरी लागली तेव्हा ती पेढ्यांचा बॉक्स घेऊन धावत आली, "बाबा!" म्हणून गळ्यात पडली. हे तिच्या पाठीवर थोपटत होते, डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे.

निवृत्त झाल्यावर विमानांची मॉडेल करायला लागले. प्लॅस्टिकचे सुटे भाग येतात डब्यात, ते कापायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे. गॅलरीत काचा लावून घेतल्या आणि तिथे टेबल टाकलं. करणारे खूप असतात, ह्यांची गंमत वेगळी. दुसऱ्यांच्या मॉडेलवर बॉम्ब, क्षेपणास्त्रं जी लावली ती लावली, कायमची चिकटवलेली. ह्यांची निघतात. पंखाचे दोन तुकडे जोडायच्या आधी आतून मुगाच्या डाळीएवढं लोहचुंबक बसवतात. दुसरं बॉम्बाच्या पाठीत. हातानं फिरवायचं बारीक गिरमिट आहे, त्यानं अगदी नेटानं भोक पाडत बसतात. बॉम्ब पंखाजवळ नेला की टक्. ओढला की सुटला. वाटेल तेव्हा भरा, वाटेल तेव्हा रिकामं करा.

एक भानगड असते त्यात. चुंबकाची बाजू चुकली तर ते ओढायच्या ऐवजी ढकलतं, आणि पंख जोडून रंगवल्यावर ते कळलं तर सगळा पंख फोडायचा. म्हणून हे प्रत्येक चुंबकाच्या एका अंगाला काळा ठिपका देतात. बसवण्याआधी बघतात, बसवल्यावर बघतात. दोनदा. इतक्या वर्षांत एकही चुंबक उलटं बसलेलं मी पाहिलं नाही. मी म्हणायचे, एखादं चुकवा हो, तेवढाच घरात आवाज होईल.

मला त्या टेबलाचा राग होता. रंगाचा वास, घासलेल्या प्लॅस्टिकचा भुगा, सगळीकडे पांढरी पूड. मी कुरकुर करायचे, हे मान हलवायचे आणि झाडू आणून भुगा गोळा करायचे. भांडायला दोन माणसं लागतात ना! मी टेबलाला हात लावायचा नाही असा त्यांचा नियम नव्हता. नियम माझा होता: माझ्या शिवणाच्या डब्याला हात लावायचा नाही. गोल पत्र्याचा डबा, आत दोरे, बटणं, कात्री, टाचण्या, नाडी घालायची जाड सुई, सगळं जिथल्या तिथे. ह्यांना लाल दोरा हवा असला, बारीक फिती करायला, की गॅलरीतून म्हणायचे, "जरा दोरा देतेस?" मी उठून द्यायचे. डबा स्वतः कधी उघडला नाही. नियम म्हणजे नियम, त्या बाबतीत हा माणूस सरळ.

काही महिन्यांपूर्वी एक बाई आल्या. दारात उभ्या, पंचावन्नच्या आसपास, हातात कापडी पिशवी. मी ओळखलं नाही. ह्यांनी ओळखलं. खुर्चीतून उठले आणि उभेच राहिले, ऑफिसात उभे राहायचे तसे.

"या मॅडम," म्हणाले.

साहेबांच्या पत्नी. सव्वीस वर्षांत कधी आमच्या घरी आल्या नव्हत्या. कुणा जुन्या माणसाकडून त्यांना कळलं होतं की हे मॉडेल करतात. पाणी प्यायल्या, इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग पिशवीतून एक फोटो काढला. विमान, आणि शिडीवर एक पाय ठेवून हसणारे साहेब.

"भाऊ, हे विमान मला करून द्याल? त्या दिवशी होतं तसं. तुम्हीच भरलं होतंत ना?"

"हो."

"किती होते?"

"आठ. सरावाचे. डावीकडे चार, उजवीकडे चार."

"तसेच आठ हवेत. पण निघणारे," त्या म्हणाल्या. "हे मला सांगायचे, आम्ही भरून जातो आणि रिकामे येतो. रिकामं विमान उतरवायला हलकं वाटतं म्हणे. त्या दिवशी तेवढंच राहिलं. मला ते आठही माझ्या हातानं काढायचेत आणि विमान रिकामं करून कपाटावर ठेवायचंय. बाकी काही नाही. वेडेपणा म्हणा हवं तर."

"वेडेपणा कसला!" मी म्हणाले. ह्यांनी हात पुढे केला. फोटो घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "दोन महिने लागतील."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. वाटलं, ह्या कामानं काहीतरी हलेल. साहेबांचं विमान, साहेबांची बायको. इतकी वर्षं आत दाबून ठेवलेलं निघेल बाहेर, रडतील, ओरडतील, मग हळूहळू माझा माणूस मला परत मिळेल. मी त्या दोन महिन्यांत भुग्यावरून एक अक्षर काढलं नाही. दोरा मागायच्या आधी दोरा नेऊन दिला.

विमान फार सुंदर झालं. फोटोत जिथे रंग उडालेला तिथे उडालेला. शेपटीवरचा आकडा पाण्यात भिजवून चिमट्यानं अलगद सरकवून बसवला. बॉम्ब माझ्या करंगळीच्या पेरापेक्षा लहान. पंखाखाली बसवून दाखवले मला. एकेक जवळ नेला, टक्, टक्, टक्. सात वेळा.

मी मोजत होते. आता सवयच लागली होती. "आठवा?"

"तो लावलाय."

डाव्या पंखाच्या टोकाशी आठवा होता. मी बोटानं ओढून बघितला. हलला नाही. जरा जोर लावला.

"मोडेल," हे म्हणाले. "चिकटवलाय."

"म्हणजे? अहो, त्या बाईंना सगळे निघणारे हवेत! दहा वेळा म्हणाल्या. चुंबक संपलं का?"

"नाही."

"मग चुकलं का उलटं? फोडा की पंख, आहे अजून आठवडा."

"चुकलं नाही. तो तसाच आहे," म्हणाले आणि ब्रश धुवायला उठले.

मी कपाळाला हात लावला. ज्या माणसानं इतक्या वर्षांत एक साधा बॉम्ब कायमचा चिकटवला नाही, त्यानं नेमका इथे का चिकटवावा? विचारलं, परत विचारलं, आवाज चढवून विचारलं. भिंतीशी बोलल्यासारखं. शेवटी मी म्हटलं, जा, तुम्हीच तोंड द्या त्यांना, मी मध्ये पडणार नाही.

त्या बाई शनिवारी सकाळी आल्या. गॅलरीत छान ऊन होतं. हे इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. विमान टेबलाच्या मध्ये, बाजूला कापूस घातलेला छोटा डबा, बॉम्ब काढून ठेवायला. बाईंनी विमान सगळ्या बाजूंनी बघितलं. मग हळूच पंखाला बोट लावलं, धूळ पुसावी तसं.

"काढू?" त्यांनी विचारलं.

"काढा."

उजवीकडचे चार काढले. एकेक काढायच्या, कापसात ठेवायच्या, घाई नाही. मग डावीकडचे तीन. माझा जीव टांगणीला. आठव्याला हात घातला, ओढला, परत ओढला. ह्यांच्याकडे बघितलं.

"हा येत नाही, भाऊ."

"तो तेव्हाही आला नव्हता, मॅडम."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. हे हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. आवाज नेहमीचा, दूध आणायला जातोय सांगावं तसा.

"इंजिन बंद पडलं की वैमानिक पहिलं ओझं टाकतो. सगळे बॉम्ब एकदम. हलकं झालं तर धावपट्टी गाठता येते. साहेबांनी बटण दाबलंच असणार. सात गेले असतील. एक राहिला असेल. टोकाला एक लटकलेला राहिला की विमान त्या अंगाला कलंडतं. डावीकडेच कलंडलं, पाहणाऱ्यांनी सांगितलं होतं. तो पंख तलावातून निघालाच नाही, त्यामुळे कुणाला दिसलं नाही."

"पण तो का राहील?" बाईंनी विचारलं.

"पिन राहिली म्हणून. माझ्याकडून." ह्यांनी आपल्या मुठीकडे बघितलं. "विमान गेल्यावर मी पिना पिशवीत टाकल्या. सात होत्या. धावपट्टीवर शोधलं, खिशात शोधलं. नव्हती. मी सात फिती वर केल्या आणि साहेबांनी अंगठा दाखवला. त्यांनी मोजल्या नसतील. माझ्या हातातल्या ते मोजायचे नाहीत, म्हणायचे, दोनदा भाऊंनी मोजल्यात. अपघाताची बातमी आल्यावर मी भंगाराच्या पेटीतली एक जुनी पिन उचलली, तिला फीत बांधली आणि आठ जमा केल्या. रजिस्टरात सही केली. आठ. मला कुणी विचारलंच नाही."

बाई रडतील असं मला वाटलं. रडल्या नाहीत. कापसातल्या त्या सात बॉम्बांकडे बघत राहिल्या. मी? मी सव्वीस वर्षं ह्या माणसाच्या शेजारी झोपले आणि मला हे माहीत नाही! राग यायला हवा होता. आला नाही.

"कशी असते ती पिन?" बाईंनी विचारलं. का विचारलं कोण जाणे. माणसाला काहीतरी विचारावं लागतं अशा वेळी.

"एवढीशी." ह्यांनी बोट दाखवलं. "जाड. एका टोकाला वाटोळी कडी, फीत ओवायला. दुसरं टोक गोलसर, टोचत नाही. आठव्या पिनेची फीत सकाळीच तुटली होती. नुसतीच होती ती. संध्याकाळी बांधू म्हटलं होतं."

"मी चहा टाकते," मी म्हणाले आणि आत आले.

चहा टाकला. गॅस लावला, पाणी ठेवलं, साखर घातली. सगळं हात आपोआप करत होते. मनात एकच चाललं होतं. एका टोकाला वाटोळी कडी. दुसरं टोक गोलसर, टोचत नाही. ज्यानं पायजम्यात नाडी ओवली आहे त्यालाच कळेल, माझ्या डब्यात आहे तशी सुई मिळत नाही बाजारात. कडीत नाडीचं टोक बांधायचं आणि गोल टोक सरकवत न्यायचं, कापडात कुठे अडकत नाही. ह्यांचे सगळे पायजमे, मुलीच्या शाळेच्या पिशव्या, पडदे, सगळं मी तिनंच ओवलं.

ती मला मिळाली कुठे? ह्यांनी त्या मंगळवारनंतर कामाचा निळा डगला, पँटीला जोडूनच शिवलेला, परत अंगात घातला नाही. दुसऱ्या कामावर बदलून घेतलं होतं. डगला वर्षभर खुंटीवर होता. मग मी तो पुसायच्या फडक्यांसाठी उसवायला घेतला. मांडीवरच्या खिशाचं अस्तर फाटलेलं, आणि पायाच्या दुमडीत काहीतरी कडक लागलं. उसवलं तर ही. ह्यांच्या खिशातून नेहमीच काहीबाही निघायचं, वॉशर, तारेचे तुकडे, स्क्रू. पूर्वी मी दाखवायचे तर म्हणायचे, टाकून दे गं. आणि तेव्हा विचारणार कुणाला? ते बोलतच नव्हते. तिच्यावर बारीकसा आठ उमटलेला होता. मला वाटलं, सुईचा नंबर असेल.

फीत तुटलेली पिन हातात फितींबरोबर धरता येत नाही, म्हणून खिशात टाकली असणार. उपसली, खिशात टाकली, अस्तरातून खाली गेली. त्यांनी काढली होती. आठही काढल्या होत्या.

चहा उतू जायला आला तेव्हा मी गॅस बंद केला. आता खरं सांगते, मी गप्प राहायचाही विचार केला. डबा उघडायचा, ती उचलायची, कचऱ्यात टाकायची. बाईंना खरं कळल्यासारखं झालंच होतं, ह्यांनी बोलून टाकलं होतं, दोघंही त्यातून आपापली वाट काढतील. पंचवीस वर्षं ती वस्तू ह्या घरात, ह्यांच्यापासून दहा पावलांवर, माझ्या नियमाच्या डब्यात पडून होती, हे कुणाला कळायची गरज काय? मी तीन कप भरले. मग तसेच ओट्यावर ठेवले आणि डबा उचलला.

गॅलरीत आले. डबा टेबलावर ठेवला. झाकण नेहमीच घट्ट, त्या दिवशी तर निघेना. शेवटी निघालं. दोऱ्यांच्या खालून ती काढली. परवाच्याच नाडीचा एक धागा कडीत अडकलेला होता. मी ती विमानाशेजारी ठेवली.

"डगल्याच्या दुमडीत होती," मी म्हणाले. "अस्तर फाटलं होतं."

ह्यांनी ती उचलली. बघितली नाही, अंगठ्याच्या नखानं चाचपली. नख त्या आकड्यावर थांबलं. परत एकदा चाचपली. दोनदा.

"कधी?"

"डगला उसवला तेव्हा. वर्षभरानं."

"आणि इतकी वर्षं..."

"नाडी ओवायला घेते मी."

ह्यांचा चेहरा लाल होत गेला. गळ्यापासून वर. मी तो रंग विसरले होते, खरंच विसरले होते. मग खुर्ची मागे पडली आणि हे उभे राहून ओरडले.

"अगं विचारायचं तरी मला! एकदा! एकदा विचारायचं, हे काय आहे म्हणून! तोंड दिलंय ना तुला, दिवसभर चालतं ना ते, आणि हे विचारता आलं नाही?"

शेजारच्या भिंतीवर कुणीतरी ठोकलं. आता तिथे नवे लोक राहतात, त्यांना आमची सवय नाही.

याच आवाजाची मी सव्वीस वर्षं वाट बघितली होती. चहात मीठ घातलं होतं त्याच्यासाठी. आणि आता तो आला होता. तुम्ही तरी कुठे सांगितलंत मला, असं म्हणता आलं असतं. खरं होतं ते. तोंडातून निघालं नाही. मी डब्याचं झाकण लावलं.

बाई उठल्या. त्यांनी खुर्ची उचलून सरळ केली, ह्यांच्या हाताला धरून बसवलं. म्हणाल्या, "भाऊ, आठवा काढून द्या मला."

ह्यांनी पातळ पातं घेतलं. बॉम्बाच्या मुळाशी पातं घातलं आणि दाबलं. कट्कन तुटला. पंखाच्या रंगाचा टवका निघाला, खालचं पांढरं प्लॅस्टिक दिसायला लागलं. "रंगवून देतो," हे म्हणाले.

"नको. राहू दे."

बाईंनी आठवा कापसात ठेवला आणि डबा मिटला. मग ती पिन ह्यांच्या हातात दिली, टेबलावरच्या सात लाल फिती दिल्या, माझ्या दोऱ्याच्या केलेल्या, आणि म्हणाल्या, "दाखवा." ह्यांना कळलं. उठले, गॅलरीच्या टोकाला जाऊन उभे राहिले, आणि मूठ वर केली. बाईंनी मोजल्या. मोठ्यानं, एक ते आठ, मध्ये न थांबता. मग अंगठा दाखवला. मग मात्र रडल्या.

चहा कुणीच प्यायला नाही.

आता हे बरे आहेत. खूप बोलतात. वर्तमानपत्र उशिरा आलं की चिडतात, नळ नीट बंद केला नाही की चिडतात, परवा तर बूट दिसेना म्हणून घर डोक्यावर घेतलं. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, बाबा हसले! मी ऐकलं, हसले!" मधूनच काम करता करता गॅलरीतून आवाज येतो, "एकदा विचारायचं होतंस!" तेवढा एक राग त्यांचा जात नाही, आणि जाऊ नये. मी ऐकून घेते.

पिन बाई घेऊन गेल्या. पायजम्याची नाडी मी आता सेफ्टी पिननं ओवते. मध्येच उघडते ती, कापडात अडकते. काल ह्यांनी माझ्या हातातून पायजमा ओढून घेतला, "दे इकडे, तासभर चाललंय!" आणि भराभरा ओवून अंगावर टाकला. पूर्वीची मी असते तर तोच पायजमा त्यांच्या तोंडावर फेकला असता.

मी घडी घातली आणि कपाटात ठेवला. मुलगी विचारते, आई, तुला बरं नाही का, हल्ली तू चिडत नाहीस. मी तिला म्हणते, काही नाही गं. राग येत नाही, एवढंच.